वहीत गणित अडतं, मैदानात धावतं. तुमच्या घरातली मुलं कुठं कुठं गणित वापरतात?

कुळागर (१८ जानेवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ राहते. माझा भाचा आठवीत आहे, शाळेसाठी आमच्याकडेच असतो. गेल्या आठवड्यात गणिताच्या पेपरात त्याला ४० पैकी ९ गुण मिळाले. घरात सगळे गप्प झाले. त्याच संध्याकाळी मी शेतात गेले होते. कापणी झालेल्या शेतात मुलांनी पीच केलंय, वाड्यावाड्यांची आठ-आठ ओव्हरची लीग चालू आहे. बांधावर हा आपला कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी खरडत बसलेला.

जे बघितलं ते सविस्तर सांगते. त्यांचा आणि शेजारच्या वाड्याचा गुणांत टाय होणार होता, म्हणून प्रश्न नेट रन-रेटचा, म्हणजे ओव्हरमागे केलेल्या धावांतून ओव्हरमागे दिलेल्या धावा वजा. त्या वाड्याचा रेट ०.४० वर थांबलेला. आमच्या मुलांनी आधीच्या दोन सामन्यांत १६ ओव्हरमध्ये १४२ केलेले, १६ ओव्हरमध्ये १३८ दिलेले. त्या दिवशी समोरच्यांनी ८ ओव्हरमध्ये ६४ केले. हा कॅप्टनला सांगतोय, "सात ओव्हर दोन बॉलच्या आत संपवायचं. तिसऱ्या बॉलवर गेलं तर एक धाव काढून जिंकून उपयोग नाही, फोर मारूनच जिंकायला पाहिजे."

मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं. ७ ओव्हर २ बॉलमध्ये ६५ केल्या तर रेट ०.४५ येतो. एक बॉल जास्त लागला तर ०.३९. आणि त्या बॉलवर फोर बसला तर धावा ६८ होतात, मग ०.५२. तंतोतंत बरोबर होतं त्याचं. शिवाय ७.२ ओव्हर म्हणजे सात पूर्णांक दोन दशांश नव्हे, सात आणि एक तृतीयांश, हेही त्याला पक्कं ठाऊक. पेपरात त्यानं सोडून दिलेलं एक गणित होतं: सात पूर्णांक दोन षष्ठांश सोप्या रूपात लिहा.

मी त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. दोन प्रश्न आहेत. तुमच्या आसपासची मुलं खेळात, बाजारात, सणावारात असं गणित कुठं वापरतात? आणि ते वहीपर्यंत कसं आणायचं? जिंकले ते, हे सांगायचं राहिलं. सात ओव्हर एक बॉल.

तिंटो (१८ जानेवारी, रात्री १०.०५)

शाब्बास रे बाबू! शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात या ताई. मार्च-एप्रिलमध्ये मानकुराद आंबा येतो तेव्हा आईबरोबर बसलेली दहा-अकरा वर्षांची पोर बघा. डझनाला ८०० सांगितल्यावर गिऱ्हाईक म्हणतं सात दे. ती क्षणात म्हणते, "अर्ध्या डझनाचे चारशे, वरच्या एकाचे सत्तर, चारशे सत्तर द्या." सहासष्ट रुपये सदुसष्ट पैशांचे सत्तर कुणाच्या बाजूनं करायचे, हेही त्या वयात कळलेलं असतं.

रापणकार (१८ जानेवारी, रात्री १०.५०)

आम्ही काणकोणकडचे, घर खाडीला लागून. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला जायचं वेड. तिसऱ्या ओहोटीला मिळतात आणि ओहोटी घड्याळ बघून येत नाही. माझे वडील त्याला शिकवून गेले: तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. पंचमी असली तर पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती, त्यात सव्वासहा तास मिळव, दहाच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला, ओहोटी सव्वाबाराला. हा शनिवारची तिथी कालनिर्णयात बघतो आणि मित्रांना फोन करतो, "अकराला या, त्याआधी पाण्यात पाय घालू नका."

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्याच्या शाळेत कुणी शिकवलेली नाही. आजोबांनी होडीत बसून म्हणून घेतली.

दहाचा_वर्ग (१९ जानेवारी, सकाळी ७.१५)

रापणकारभाऊ, नियम फार सुंदर आहे, पण तो अंदाज आहे हेही मुलाला सांगा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळं भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणकीत आपण ४५ मिनिटं धरतो. तो फरक तिथीगणिक साचत जातो.

आणि कुळागरताई, माझं थोडं वेगळं मत आहे. रन-रेट, सुट्टे पैसे, भरती ही सगळी आकडेमोड. ती चांगलीच, पण गणित म्हणजे "असं का?" हा प्रश्न. तो या मुलांना पडतो का? पडत नसेल तर वहीतलं गणित आणि हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रापणकार (१९ जानेवारी, सकाळी ८.३०)

फरक साचतो हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून अमावास्या-पुनवेला नियम बाजूला ठेवून पाण्याची खूण बघतात. पण "का" हा प्रश्न पडत नाही असं कसं म्हणता? माझ्या मुलानंच आजोबांना विचारलं होतं, शुक्ल पंचमी आणि कृष्ण पंचमी, चंद्र वेगळा, मग भरती त्याच वेळेला कशी? आजोबा म्हणाले, "दर्याला चंद्र पुढून ओढतो आणि मागूनही." पोरगं दोन दिवस त्याच विचारात होतं.

नॉकआऊट (१९ जानेवारी, दुपारी १.२०)

दहाचा_वर्ग, "का" विचारणारी एक मुलगी मी प्रत्यक्ष बघितली आहे.

आमच्या वाड्याच्या फुटबॉल स्पर्धेला २३ संघ आले. बाद फेरीची स्पर्धा, हरला तो घरी. रेफरीचे आणि बॉलचे पैसे काढायचे म्हणून एकूण सामने किती ते हवं होतं. आम्ही चार मोठी माणसं तक्ता आखत बसलो. २३ विषम, कुणाला बाय द्यायचा (न खेळता पुढच्या फेरीत पाठवायचं), पुढच्या फेरीत किती उरले, खोडरबर झिजत होता. सेक्रेटरीची चौदा वर्षांची मुलगी चहा घेऊन आली, कागद बघितला आणि म्हणाली, "बावीस."

कसे म्हणून विचारलं. म्हणाली, "एका सामन्यात एकच संघ घरी जातो. शेवटी एक उरायला पाहिजे. म्हणजे बावीस जणांना घरी पाठवायचंय."

तक्त्याला हात न लावता! मग बायचंही तिनंच सांगितलं: ३२ मधून २३ गेले ९, तर पहिल्या फेरीत नऊ जणांना बाय, उरलेल्या चौदांचे सात सामने, सात आणि नऊ सोळा. पुढं आठ, चार, दोन, एक.

आपल्या हडफड्याला २०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तेव्हा ती तोच हिशोब घेऊन माझ्याकडे आली. खेळाडू २०६, म्हणजे लढती २०५. तिसऱ्या क्रमांकाची एक वेगळी, ती धरून २०६. वरच्या ५० मानांकितांना बाय का, हे तिनं मला समजावलं: १५६ जण ७८ पटांवर बसले, ७८ आणि ५० मिळून १२८, आणि १२८ ला शेवटपर्यंत दोनानं भाग जातो. सिंदारोव जिंकल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. ही मुलगी बाय मोजत होती.

दहाचा_वर्ग (१९ जानेवारी, दुपारी २.००)

हे गणित आहे. माझं म्हणणं मी मागं घेतो.

समेवर (१९ जानेवारी, रात्री ८.४५)

साखळीला मुलांना तबला आणि घुमट (मातीचं तालवाद्य) शिकवतो. इथं रोज "का" विचारला जातो.

तिहाई घ्या. एक तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये सारखी विश्रांती, आणि शेवटचा धा बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तीनतालात समेपासून सुरू केलं तर पुढची सम सतरावी मात्रा. "तिट कत गदि गन धा" हा पाच मात्रांचा तुकडा. तीन पंचे पंधरा, मध्ये एक-एक मात्रा दोनदा थांबायचं, सतरा. धा समेवर. झपतालात दहा मात्रा, म्हणजे अकरा जुळवायच्या: तीनाचा तुकडा, एकाची विश्रांती. केरव्यात नऊ जुळवायच्या: तीनाचा तुकडा, विश्रांतीच नको.

अकरा वर्षांचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, दादऱ्यात सात येतात, सातात चांगला तुकडा बसत नाही." खरंच नाही, एका मात्रेचा तुकडा घेऊन दोन-दोन थांबावं लागतं, त्यात मजा नाही. मी त्याला म्हटलं, घरी विचार कर. दुसऱ्या दिवशी आला तो नाचतच. "दोन आवर्तनं घेतली तर तेरा! तीनाचा तुकडा, दोनाची विश्रांती!" वाजवूनही दाखवलं. समीकरण हा शब्द त्यानं अजून ऐकलेला नाही.

घुमटाला २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. चवथीला आरतीत मुलं घुमट-शामेळ-कांसाळं घेऊन बसतात तेव्हा मला त्यांच्या बोटांतून चाललेली बेरीज ऐकू येते.

पाटीपेन्सिल (१९ जानेवारी, रात्री १०.३०)

डिचोली तालुक्यात शिक्षिका आहे, चोवीस वर्षं झाली. कुळागरताई, तुमचा दुसरा प्रश्न माझा रोजचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

तुमच्या भाच्यासारखी मुलं जगभर आहेत. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून गेले आणि हिशोब विचारले. मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. नंतर तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर ३७ टक्के. गोष्टीच्या रूपात दिली, तर ७४. त्यात एक बारा वर्षांचा नारळ विकणारा मुलगा होता. ३५ चा एक, दहा नारळांचे किती? तो शून्य जोडत नाही. म्हणतो, तीनाचे १०५, आणखी तीनाचे मिळून २१०, आणखी तीनाचे ३१५, वर एक, ३५०. नारळ आणि पोर्तुगीज, दोन्ही आपल्या ओळखीचं, म्हणून मला तो मुलगा आपल्या तिंट्यावरचा, बाजारातला वाटतो.

आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांवर असंच काम झालं, २०२५ साली 'नेचर'मध्ये आलं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात आहेत. बाजारातल्या मुलांना शाळेच्या पद्धतीची गणितं जमेनात, आणि शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशोब जमेना. हे दुसरं मला जास्त लागलं. म्हणजे एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही, पूल बांधावा लागतो.

आता गोव्याचं सांगते. आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत बहुतेकांचं माध्यम एकदम इंग्रजी होतं. 'अपूर्णांक' म्हणणारं मूल जूनमध्ये 'फ्रॅक्शन' ऐकतं, 'छेद' जाऊन 'डिनॉमिनेटर' येतो. डोक्यात पाव, अर्धा, पाऊण पक्के असतात, पण नव्या शब्दाला ते चिकटत नाहीत. ताई, तुमच्या भाच्याच्या वहीत बघा, पाचवी-सहावीपासून अपूर्णांकांचं पान कोरं पडत आलंय का?

कुळागर (२० जानेवारी, सकाळी ६.५०)

बाई, जुन्या वह्या काढल्या. तुम्ही म्हणता तसंच आहे. चौथीतले अपूर्णांक चित्रं काढून, रंगवून, सगळे बरोबर. सहावीत पानंच्या पानं रिकामी. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, मुलगा आळशी झाला.

सारवलेलं_अंगण (२० जानेवारी, सकाळी ११.१५)

इतके प्रतिसाद वाचले. नॉकआऊट यांची ती मुलगी आणि आंबेवाली पोर सोडली तर सगळीकडे मुलगेच. मुलींच्या हातातलं गणित अंगणात असतं, तिकडेही बघा.

माझी लेक नववीत. दिवाळीला "पंधरा ते आठ" ठिपक्यांची रांगोळी घालत होती. मधली ओळ पंधराची, वर आणि खाली एकेक ठिपका कमी होत आठपर्यंत. घालता घालता म्हणाली, "आई, एकूण ठिपके किती?" मी म्हटलं, मोज. तिनं मोजले नाहीत. वरच्या सात ओळी म्हणजे आठ ते चौदा. आठ आणि चौदा बावीस, नऊ आणि तेरा बावीस, दहा आणि बारा बावीस, उरले अकरा. सत्याहत्तर. खालीही तेवढेच. एकशे चोपन्न आणि मधले पंधरा, एकशे एकोणसत्तर.

मग हात पुसून बसली. "तेराचा वर्ग! सहा कोनांच्या रांगोळीत चौरस कुठून आला?" त्या संध्याकाळी तिनं बाकीच्या तपासल्या. सात ते चार: ३७. नऊ ते पाच: ६१. अकरा ते सहा: ९१. तेरा ते सात: १२७. एकही वर्ग नाही. एकवीस ते अकरापर्यंत गेली, नाहीच. तिला अजून कळलेलं नाही की पंधरा ते आठलाच ते का होतं. इथं कुणी सांगू शकेल का?

बांबू_आणि_गवत (२० जानेवारी, दुपारी ३.३०)

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याची गोष्ट सांगतो. मी डिप्लोमाला आहे, पणजीजवळचा.

आदल्या वर्षी आमचा नरकासुर १२ फुटी होता. गेल्या दिवाळीला ठरलं, २४ फुटी करायचा. उंची दुप्पट म्हणून वर्गणी दुप्पट, कागद दुप्पट, गवत दुप्पट, खळ दुप्पट. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी कागद छातीपर्यंतही पुरला नाही आणि गवत तर मांड्यांतच संपलं. कुणी म्हणालं चोरी झाली, कुणी म्हणालं दुकानदारानं फसवलं.

आमच्यातल्या एकाची दहावीतली बहीण आली. तिनं काड्यापेटी घेतली. "ही दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच करायला किती पेट्या लागतील?" रचत गेली. दोन, मग चार, मग वरती आणखी चार. आठ. "गवत आठपट लागणार. कागद बाहेरून चिकटवायचा, तो चारपट." सगळे तिथंच उभे. आम्ही दोन्ही दुपटीनं आणलेलं.

गवताची भर सोडली, आतून पोकळ ठेवला आणि रद्दीसाठी घरोघर फिरलो. पण तिची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली. म्हणाली, "वजन आठपट व्हायचं होतं, पायाच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ चारपटच. प्रत्येक बांबूवर दुप्पट भार आला असता. पोकळ असला तरी टेकू द्या." मागून दोन लोखंडी अँगल लावले. पहाटे चारला मिरवणुकीत रस्त्याच्या उतारावर तो पुढे झुकला, पण पडला नाही.

तिंटो (२० जानेवारी, दुपारी ४.०५)

यंदा त्या बहिणीला खजिनदार करा.

बांबू_आणि_गवत (२० जानेवारी, दुपारी ४.१०)

केलं. दसऱ्याच्या बैठकीपर्यंत वाट बघितली नाही.

जुनी_पायली (२० जानेवारी, रात्री ८.००)

थोडं विषयांतर करतो, क्षमा असावी. वय ७१. पाऊणकीचं वाचून राहवलं नाही. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणत असू. भात मोजताना वीस कुडवांची खंडी, मोजणारा मोठ्यानं आकडा गायचा आणि आम्ही मुलं खळ्यात बसून चूक पकडायचो. विटी-दांडू, ज्याला इथं कोयंडो-बाल म्हणतात, तो खेळताना घाटावरून आलेला माझा मावसभाऊ "वकट, लेंड, मूंड, नाल" असं मोजायचा. ते तेलुगू आकडे आहेत, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, हे मला पन्नाशीत कळलं. मुलांच्या खेळानं दुसऱ्या भाषेतले अंक उचलले आणि पिढ्यानपिढ्या जपले.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' म्हणायला सुरुवात केली तेव्हा केवढा वाद झाला. मला जोडाक्षरी संख्यानामं प्रिय आहेत, ती जायला नकोत. पण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळणारं मूल मंद नसतं, एवढं कबूल केलं पाहिजे.

पाटीपेन्सिल (२० जानेवारी, रात्री ८.४०)

काका, विषयांतर कसलं, पुलाचा हा पहिला दगड आहे. मी आता पाचवीत दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी लिहून घेते.

चुलीपाशी (२१ जानेवारी, सकाळी १०.००)

एक काळी बाजूही मांडते. माझा मुलगा सतरा वर्षांचा. जत्रेत पटावर सहा चित्रं आणि तीन फाशांचा जुगार चालतो. ज्या चित्रावर पैसे लावले ते एका फाशावर आलं तर एकपट, दोनांवर दुप्पट, तिन्हींवर तिप्पट. तिथं तो सहाशे रुपये हरून आला. त्याचं म्हणणं, "तीन फासे, सहा चित्रं, म्हणजे निम्मी शक्यता. सम-सम खेळ आहे. आज नशीब नव्हतं."

त्याचे बाबा रागावले नाहीत. वही घेऊन बसले. तीन फासे पडायच्या एकूण तऱ्हा २१६. आपलं चित्र एकदाही न येण्याच्या पाच-पाच-पाच, म्हणजे १२५. एकदा येण्याच्या ७५, दोनदा १५, तिन्ही एक. रुपया रुपया लावला तर १२५ गेले, आले ७५ आणि ३० आणि ३, म्हणजे १०८. प्रत्येक २१६ रुपयांमागे १७ पटवाल्याचे. मुलगा मान्य करेना. मग घरातले ल्युडोचे फासे घेऊन दोघांनी खरोखर २१६ वेळा टाकले, रात्री दीडपर्यंत. १४ रुपये गेले.

मोबाइलवरचे खेळ, त्यात पैसे टाकून उघडायच्या पेट्या, तिथंही हेच असणार हे तो आता स्वतःहून म्हणतो. पालकांनो, शक्यतेचं गणित मुलांना दहावीची वाट न बघता द्या.

नॉकआऊट (२१ जानेवारी, सकाळी १०.४५)

तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा. ओरडून काही झालं नसतं.

दहाचा_वर्ग (२१ जानेवारी, रात्री ११.३०)

सारवलेलं_अंगण ताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नानं दोन दिवस झोप उडवली. उत्तर मिळालं, आणि ते इतकं देखणं आहे की तिला नक्की वाचून दाखवा.

मधल्या ओळीतले ठिपके म अशी खूण घेऊ. तिच्या रांगोळीतल्या एकूण ठिपक्यांची चौपट केली की ती नेहमी म च्या वर्गाची तिप्पट अधिक एक येते. तपासून बघा: १६९ ची चौपट ६७६. पंधराचा वर्ग २२५, त्याची तिप्पट ६७५, अधिक एक ६७६. म्हणजे प्रश्न असा झाला: कुठल्या वर्गाची तिप्पट करून एक मिळवला की पुन्हा वर्ग येतो?

हा प्रश्न आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं सातव्या शतकात हाताळला आहे. नाव वर्गप्रकृती. एक उत्तर सापडलं की त्यातून पुढचं घडवायची रीतही त्यानं दिली. त्या रीतीनं जोड्या अशा येतात: २ आणि १, ७ आणि ४, २६ आणि १५, ९७ आणि ५६, ३६२ आणि २०९. आपल्या रांगोळीत मधली ओळ विषम असते, म्हणून चार आणि छप्पन्न गळतात. उरतो एकच ठिपका, मग पंधरा, मग थेट दोनशे नऊ.

म्हणजे पुढची वर्गाची रांगोळी "दोनशे नऊ ते एकशे पाच" ठिपक्यांची. एकूण ठिपके ३२,७६१, आणि तो १८१ चा वर्ग. लेकीनं एकवीसपर्यंत शोधून काही मिळालं नाही यात तिची चूक नव्हती. मध्ये काही नाहीच.

सारवलेलं_अंगण (२२ जानेवारी, सकाळी ७.०५)

तिला वाचून दाखवलं. आधी किंचाळली, मग वही घेऊन ३६२ चा वर्ग हातानं केला: १,३१,०४४. मग २०९ च्या वर्गाची तिप्पट: १,३१,०४३. शाळेची बस चुकली. आता विचारते आहे, देवळाचं पटांगण किती फूट बाय किती फूट आहे.

समेवर (२२ जानेवारी, सकाळी ७.४०)

शिगम्याआधी सांगा, आमची सगळी मुलं ठिपके द्यायला येतील.

जुनी_पायली (२२ जानेवारी, सकाळी ९.२०)

या मुलीला दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दल सांगा. १९०७ साली आपल्या गोव्यात कोसंबे गावी जन्मलेला माणूस. गणिती होते, पण जुन्या चांदीच्या नाण्यांकडे वळले ते तराजू घेऊन. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, हलकं होतं. हजारो नाणी एकेक करून तोलली आणि वजनांच्या संख्याशास्त्रावरून कुठली आधीची, कुठली नंतरची हे मांडलं. अंगणातले ठिपके काय आणि नाण्यांची झीज काय, एकाच कुतूहलाच्या गोष्टी आहेत.

कुळागर (२५ जानेवारी, रात्री ९.१५)

मंडळी, आठवडाभर तुम्ही जे दिलंत त्यावर काय केलं ते सांगायला आले.

पाटीपेन्सिल बाईंच्या सांगण्यावरून मी नवं पुस्तक उघडलंच नाही. लीगचे सगळे स्कोअरकार्ड घेतले. भाच्याला म्हटलं, प्रत्येक सामन्याच्या ओव्हर तीन तऱ्हेनं लिही: स्कोअरकार्डावर असतात तशा, चौथीत लिहायचास तशा अपूर्णांकात, आणि शाळेतल्या पेपरात विचारतात तशा इंग्रजी शब्दांत. पहिल्या दिवशी कुरकुर. ७.२ पुढं त्यानं सात पूर्णांक दोन षष्ठांश लिहिलं, थांबला, आणि म्हणाला, "मावशी, हे तर पेपरात होतं." पेपर आणला. आम्ही दोघांनी बघितलं. तेच होतं.

त्यानंतर मी फार बोलले नाही. ६.३ म्हणजे साडेसहा, ५.४ म्हणजे पाच आणि दोन तृतीयांश, सगळं तोच भरत गेला. चुकला तिथं बोटांवर बॉल मोजले. पुढच्या पेपरात काय होईल ते तेव्हा बघू, पण वही रिकामी नाही.

आज जेवताना त्यानं विचारलं, "ओव्हर दहा बॉलची असती तर स्कोअरकार्डावरचा पॉइंट खरा दशांश झाला असता ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "आणि आठ बॉलची असती तर?" यावर मला पटकन काही सुचलं नाही. काय सांगू?

नॉकआऊट (२५ जानेवारी, रात्री ९.३०)

काही सांगू नका ताई. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत आठ बॉलचीच ओव्हर होती. तिथल्या तेव्हाच्या एखाद्या कसोटीचं स्कोअरकार्ड शोधून त्याच्या हातात द्या. १२.५ ओव्हर म्हणजे किती, ते त्यालाच काढू द्या.